मागच्या दोघींचा आवाज
मोटाउनच्या गायिका आणि त्यांच्या गाण्यांचे संग्रह



हा भाग पडद्यावर सादर केला तेव्हा मी एकाच गाण्याचे तीन तुकडे वाजवून दाखवले होते. गाणं एक, गायिका त्याच, पण तुकडे तीन वेगवेगळ्या संग्रहांतले. पुस्तकात ती सोय नाही, त्यामुळे जे कानाला दाखवलं ते इथे शब्दांत सांगावं लागेल. काही गोष्टी पडद्यावर वेळेअभावी राहिल्या होत्या, त्या इथे भरून काढल्या आहेत.

मी आयुष्यभर सिग्नल कोअरमध्ये काढलं. आमचं काम एका वाक्यात सांगायचं तर एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला जसंच्या तसं पोचवणं. मध्ये खरखर असते, डोंगर असतात, थकलेली बॅटरी असते, आणि कधी कधी मधला ऑपरेटर स्वतःच्या हुशारीने निरोप 'सुधारून' पुढे पाठवतो. या शेवटच्या प्रकाराची आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती असे. खरखर निदान ऐकू येते. सुधारलेला निरोप खराच वाटतो.

जुन्या गाण्यांच्या संग्रहांचा इतिहास मला याच कारणाने ओढून घेतो.

1984 साली मी तरुण कॅप्टन होतो. महूमध्ये एका कोर्सला असताना मेसमधल्या एका मित्राने मला एक कॅसेट भरून दिली. त्यात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या मोटाउन कंपनीची गाणी होती: सुप्रीम्स, मार्था अँड द व्हँडेलाज, मार्व्हलेट्स. सगळ्या कृष्णवर्णीय मुलींच्या तुकड्या, सगळी साठच्या दशकातली गाणी. ती कॅसेट पुढे माझ्याबरोबर ईशान्येला गेली. तिथे आमच्या ठाण्यावर सातारकडचा एक हवालदार होता, घरी भजनाला पेटी वाजवणारा. एका रात्री सुप्रीम्सचं गाणं लागलं होतं. तो जरा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, शब्द काय कळत नाहीत. पण पुढची बाई गाते ती मागच्या दोघींच्या जिवावर. त्या नसत्या तर गाणं पडलं असतं."

टाळकऱ्यांशिवाय बुवा उभा राहत नाही हे त्याला ठाऊक होतं. मी मात्र तोपर्यंत मागच्या दोघींकडे लक्षच दिलं नव्हतं.

आता थोडं मुळाकडे जाऊ.

बेरी गॉर्डी हा मोटाउनचा संस्थापक. कोरियाच्या युद्धाच्या काळात तो अमेरिकी सैन्यात होता. परत आल्यावर त्याने जॅझच्या रेकॉर्डचं दुकान काढलं, ते बुडालं. मग लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर नोकरी केली. 1959 मध्ये कुटुंबाच्या सामायिक फंडातून 800 डॉलर कर्ज घेऊन त्याने रेकॉर्ड कंपनी सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं 2648 क्रमांकाचं एक साधं दुमजली घर घेतलं. आधी तिथे एका छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. गॉर्डीने दर्शनी भिंतीवर 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' अशी पाटी लावली आणि मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण सुरू केलं. आज त्या घरात संग्रहालय आहे.

कारखान्यात शिकलेली शिस्त त्याने तिथे आणली. गीतकार वेगळे, वादकांचा संच वेगळा, गायकांना चालण्याबोलण्याचं शिक्षण देणारे वेगळे. ठरावीक दिवशी बैठक व्हायची आणि कुठलं गाणं बाजारात जाईल ते तिथे ठरायचं. या बैठकीला नावच 'क्वालिटी कंट्रोल' होतं. गाणं तपासायची एक पद्धत तर फारच शहाणपणाची होती. मोठ्या, महागड्या स्पीकरवर न ऐकता ते मोटारीतल्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवर ऐकायचं. कारण ग्राहक ते तिथेच ऐकणार होता, गाडीत नाहीतर ट्रान्झिस्टरवर.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद यातूनच निघतो. ही गाणी मोनोसाठी घडवली होती. एकच स्पीकर, एकच प्रवाह. त्यात जेम्स जेमर्सनचा बास, बेनी बेंजामिनचे ड्रम, खंजिरी, टाळ्या, पुढचा आवाज आणि मागचे आवाज, हे सगळं एकावर एक असं रचलं जायचं की काहीही हरवू नये. सुरुवातीच्या वर्षांत टेपवर जेमतेम दोन-तीन ट्रॅक असत. आठ ट्रॅकचं यंत्र 1965 च्या सुमारास आलं. इतक्या कमी जागेत तोल साधायचा म्हणजे तो ध्वनिमुद्रणाच्या वेळीच साधावा लागे. त्यातून जे मोनो मिक्स तयार होई त्यावर सगळी मेहनत ओतलेली असे. स्टिरिओ मिक्स लाँगप्लेसाठी वेगळं करायचं, अनेकदा नंतर आणि घाईत.

आता तीन तुकड्यांची हजेरी घेऊ.

मार्व्हलेट्स या डेट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावातल्या शाळकरी मुली. 1961 मध्ये त्यांचं 'प्लीज मिस्टर पोस्टमन' आलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मोटाउनचं हे पहिलं असं गाणं. मुख्य आवाज ग्लॅडिस हॉर्टनचा, वय सोळा. ड्रमवर होता पुढे मोठा गायक झालेला मार्व्हिन गे. गाणं उभं करण्यात ज्या मुलीचा मोठा हात होता ती जॉर्जिया डॉबिन्स मात्र ध्वनिमुद्रणात नाही. वडिलांनी करारावर सही करायला नकार दिला आणि ती तुकडीतून बाहेर पडली. गीतकारांच्या यादीत तिचं नाव आहे, आवाज कुठेच नाही.

मार्था रीव्हज मोटाउनमध्ये आली ती सेक्रेटरी म्हणून. फोन घ्यायचे, टाइप करायचं, आणि एखादी गायिका आली नाही की माइकसमोर उभं राहायचं. 1962 मध्ये मार्व्हिन गेच्या गाण्यात ती आणि तिच्या मैत्रिणी मागे गायल्या, पुढे त्यांचीच तुकडी झाली. 1964 चं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 1965 च्या 'नोव्हेअर टु रन'मध्ये तालासाठी बर्फात गाडीच्या चाकांना बांधायच्या साखळ्या वापरल्या, आणि त्या गाण्याचं चित्रीकरण झालं फोर्डच्या कारखान्यात, मस्टँग गाड्यांच्या जुळणीच्या पट्ट्यावर. 'जिमी मॅक' हे गाणं 1964 मध्ये मुद्रित होऊन कपाटात पडलं होतं. ते 1967 मध्ये बाहेर आलं तेव्हा लाखो अमेरिकी तरुण व्हिएतनाममध्ये होते. दूर गेलेल्याची वाट पाहणाऱ्या मुलीचं गाणं त्या वर्षी सैनिकांच्या कानावर कसं पडलं असेल, हे मला वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. कंपनीने तीन वर्षं ते का दाबून ठेवलं, हे मात्र कुठल्याही 'सर्वोत्कृष्ट गीते' छापाच्या तबकडीवर लिहिलेलं नसतं. तिथे 1967 एवढंच असतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली तेव्हा मार्था शहरातल्या फॉक्स थिएटरच्या रंगमंचावर होती. प्रेक्षकांना शांतपणे घरी जायला सांगायचं काम तिलाच करावं लागलं. त्या दिवसांत 43 माणसं मेली आणि शहरात सैन्याच्या छत्रीधारी तुकड्या उतरवाव्या लागल्या. रस्त्यात नाचायला बोलावणारं तिचं तीन वर्षांपूर्वीचं गाणं लोकांना मग चिथावणीसारखं ऐकू येऊ लागलं. ती स्वतः मात्र ते नाचाचंच गाणं आहे असं सांगत राहिली.

आणि सुप्रीम्स. डेट्रॉइटच्या सरकारी गृहवसाहतीतल्या मुली: फ्लॉरेन्स बॅलार्ड, मेरी विल्सन, डायना रॉस. सुरुवातीची काही वर्षं एकही गाणं चाललं नाही. कंपनीतले लोक त्यांना 'बिनहिटवाल्या सुप्रीम्स' म्हणून चिडवत. तुकडी उभी करण्यात पुढाकार फ्लॉरेन्सचा, आणि 'सुप्रीम्स' हे नाव यादीतून निवडलं तेही तिनेच. 1964 मध्ये 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' आलं. ते आधी मार्व्हलेट्सना देऊ केलं होतं आणि त्यांना आवडलं नाही, असं सांगतात. त्यातला तो प्रसिद्ध धप-धप ठेका म्हणजे लाकडी फळ्यांवर आपटलेले पाय. तिथून 1969 पर्यंत त्यांची 12 गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, त्यांतली पाच लागोपाठ.

आता मुख्य मुद्दा, संग्रह.

साठच्या दशकात मोटाउन स्वतःच '16 बिग हिट्स' अशा नावाचे एकत्रित लाँगप्ले काढत असे. सगळ्या गायकांची गाजलेली गाणी एका तबकडीवर. त्यात इतिहास सांगायचा आव नव्हता, हेतू विक्रीचा होता. खरा इतिहास घडवला तो 1967 च्या उन्हाळ्यानंतर आलेल्या सुप्रीम्सच्या दोन तबकड्यांच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ने. 20 गाणी, बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिला क्रमांक. आणि मुखपृष्ठावर नाव काय? 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स'.

इथे थांबून तारखा पाहू. या संग्रहातली गाणी मूळ एकेरी तबकड्यांवर 'द सुप्रीम्स' एवढ्याच नावाने आली होती. गाताना तिघी होत्या. जुलै 1967 मध्ये फ्लॉरेन्सला तुकडीतून काढलं आणि सिंडी बर्डसाँगला घेतलं. त्याच दिवसांत तुकडीचं नाव बदललं. आणि काही आठवड्यांत हा संग्रह नव्या नावाने बाजारात आला. म्हणजे जुनी कामगिरी नव्या नावावर जमा झाली. लष्करी भाषेत सांगायचं तर लढाई झाल्यानंतर सायटेशन पुन्हा टाइप केलं. घराघरांत गेली ती हीच प्रत, आणि 1974 च्या तीन तबकड्यांच्या 'अँथॉलॉजी'वरही नाव तेच राहिलं. माझ्या 1984 च्या कॅसेटवर मित्राने पेनने काय लिहिलं होतं? 'डायना रॉस'. बस.

आवाजाच्या बाबतीतही असंच होत गेलं. साठच्या दशकाच्या मध्यानंतर स्टिरिओची टूम आली. काही कंपन्यांनी मोनो गाण्यांतला खर्ज एका बाजूला आणि तार दुसऱ्या बाजूला ढकलून 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' बनवला. ऐकताना विहिरीतून आल्यासारखं वाटतं. खऱ्या स्टिरिओ मिक्सचीही अडचण होती. तीन ट्रॅकचं जुनं गाणं दोन बाजूंना फाकवलं की वाद्यं एका कानात आणि आवाज दुसऱ्या कानात जाई. मोनोमध्ये जे एकमेकांना टेकून उभं होतं, ते सुटं पडे. काही गाण्यांत तर स्टिरिओसाठी आवाजाचा वेगळाच टेक वापरलेला आहे, काहींचा शेवट लवकर विरतो. तुम्ही 'तेच' गाणं ऐकताय असं तुम्हाला वाटतं, आणि ते तेच नसतं.

ऐंशीच्या दशकात सीडी आली. कंपन्यांना घाई होती. हाताला लागेल ती टेप उचलली, अनेकदा प्रतीची प्रत. आम्ही निरोप रिलेवर पाठवायचो तेव्हा प्रत्येक टप्प्याला थोडा दर्जा घसरतो हे पक्कं माहीत होतं. टेपचंही तसंच असतं. प्रत्येक प्रतीला खरखर थोडी वाढते, वरचे सूर थोडे बोथट होतात. मग ती खरखर घालवायला गाळण लावायची, की खंजिरीची किणकिणही खरखरीबरोबर गेली. त्या काळच्या 'कॉम्पॅक्ट कमांड परफॉर्मन्सेस' मालिकेतल्या आणि दोन लाँगप्ले एकत्र करून काढलेल्या सीडी स्वच्छ वाटतात, पण अंगात जीव नसल्यासारख्या.

सुधारणा झाली 1992 मध्ये. 'हिट्सव्हिल यू.एस.ए.: द मोटाउन सिंगल्स कलेक्शन 1959–1971' हा चार सीडींचा संच आला, 104 गाणी, बहुतेक मूळ एकेरी तबकडीच्या मोनो रूपात. मी तो एका मित्राकडून परदेशातून मागवला. पहिल्यांदा लावला तेव्हा 'डान्सिंग इन द स्ट्रीट'च्या सुरुवातीला मी खुर्चीत सरळ बसलो. माझ्या कॅसेटमध्ये जो ठोका उशीवर मारल्यासारखा होता, तो इथे छातीवर आला. 1993 मध्ये व्हँडेलाजचा 'लाइव्ह वायर' आणि मार्व्हलेट्सचा 'डिलिव्हर' हे दोन-दोन सीडींचे संच आले. मार्व्हलेट्स म्हणजे पोस्टमनचं एक गाणं, एवढ्यावर बोळवण झालेल्या मुलींचं दहा वर्षांचं काम पहिल्यांदा नीट एका ठिकाणी दिसलं.

त्यानंतर 2005 ते 2013 या काळात 'द कम्प्लीट मोटाउन सिंगल्स' ही 14 भागांची मालिका आली. 1959 ते 1972 मधल्या एकेरी तबकड्या, दोन्ही बाजू, चाललेल्या आणि पडलेल्या, तारखेच्या क्रमाने. सोबत जाड पुस्तिका: कोणी लिहिलं, कोणी गायलं, कधी आलं. याला मी युनिटची युद्धडायरी म्हणतो. 'ग्रेटेस्ट हिट्स' ही विजयाच्या संचलनाची फिल्म असते. डायरीत पावसात अडकलेले दिवसही असतात. सुप्रीम्सची न चाललेली गाणी क्रमाने ऐकली की 1964 चं यश आकाशातून पडलं नव्हतं हे समजतं.

चांगल्या संग्रहांच्या पुस्तिकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. मोटाउनमध्ये अँडान्टीज नावाची तीन गायिकांची तुकडी होती: जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो, लुव्हेन डेम्प्स. शेकडो गाण्यांत मागे त्या गायल्या आणि तबकडीवर नाव कुठेच नाही. मार्व्हलेट्सच्या नंतरच्या गाण्यांत त्या आहेत. 1968 च्या 'लव्ह चाइल्ड'मध्ये सुप्रीम्स म्हणून मागे गातात त्या अँडान्टीज, मेरी आणि सिंडी नव्हेत. 1969 चं 'समडे वुइल बी टुगेदर' हे तिघींचं निरोपाचं गाणं म्हणून जगाने डोळे पुसत ऐकलं. त्यात सुप्रीम्सपैकी एकटी डायना आहे.

हे फक्त मोटाउनमध्ये झालं असंही नाही. 1962 मध्ये क्रिस्टल्सच्या नावाने पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'हीज अ रेबेल' प्रत्यक्षात डार्लीन लव्ह आणि ब्लॉसम्सनी गायलं होतं. क्रिस्टल्स न्यूयॉर्कला होत्या, निर्माता फिल स्पेक्टर लॉस एंजेलिसला, आणि त्याला घाई होती. आपल्याला यात नवल वाटू नये. 1949 मध्ये 'महल'ची तबकडी आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव 'कामिनी' असं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. गाणारी लता मंगेशकर होती. श्रोत्यांनी विचारणा केली म्हणून नाव बाहेर आलं.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण पडद्यावरच्या भागाखाली सगळ्यात जास्त प्रश्न याचेच होते. संग्रह कुठला घ्यावा?

आधी माझी फजिती सांगतो. निवृत्तीनंतर एका विमानतळावर मी झकास वेष्टनातली एक सीडी घेतली, साठच्या दशकातल्या गायिकांची. घरी येऊन लावली. आवाज थकलेले, वाद्यं सिंथेसायझरवरची. भिंगातून पाहिलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं, 'मूळ कलाकारांकडून पुनर्मुद्रित'. वीस-पंचवीस वर्षांनी पोटासाठी पुन्हा गायलेली गाणी होती ती. गाणाऱ्यांचा दोष नाही, मूळ मुद्रणांवर त्यांचा हक्कच नव्हता. पुढे तर जुन्या तुकड्यांच्या नावाने भलत्याच बायका कार्यक्रम करू लागल्या. त्याविरुद्ध कायदे व्हावेत म्हणून मेरी विल्सनने जाहीरपणे मोहीम चालवली आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तसे कायदे केले.

म्हणून पहिलं काम, बारीक अक्षरं वाचा. दुसरं, ही गाणी मोनोमध्ये किंवा 'सिंगल व्हर्शन' म्हणून दिली आहेत का ते पाहा. स्टिरिओ वाईट नाही, आठ ट्रॅकच्या काळानंतरची काही स्टिरिओ मिक्स सुंदर आहेत, पण 1965 पूर्वीच्या गाण्यांसाठी मी मोनोच सुचवेन. तिसरं, 'नवीन रिमास्टर' या शब्दांना भुलू नका. अनेक नव्या आवृत्त्यांत हळू आणि मोठा आवाज दाबून एका पातळीवर आणलेले असतात. पहिल्या मिनिटाला जोरदार वाटतं, तिसऱ्या गाण्याला कान दमतात. सेटवर ओरडून बोलणारा ऑपरेटर जास्त स्पष्ट ऐकू येत नाही, हे आम्ही प्रत्येक नव्या जवानाला शिकवायचो. झंकार बीट्सच्या कॅसेटी आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चौथं, पुस्तिका पाहा. कोण गायलं, कोणी वाजवलं, कधी मुद्रित झालं, हे ज्यात लिहिलेलं नाही तो संग्रह गाणी देईल, माणसं देणार नाही.

एकच घ्यायचा असेल तर 1992 चा चार सीडींचा संच शोधा, जुन्या बाजारात मिळतो. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी 'द कम्प्लीट मोटाउन सिंगल्स' असं शोधून 1964 चा भाग लावावा.

फ्लॉरेन्स बॅलार्डबद्दल सांगून थांबतो. तुकडीबाहेर पडल्यावर तिने एकटीने गायचा प्रयत्न केला, जमला नाही. कंपनीविरुद्ध दावा लावला, हरली. काही काळ सरकारी मदतीवर घर चालवलं. 22 फेब्रुवारी 1976 रोजी ती गेली तेव्हा वय फक्त 32. जिने नाव निवडलं, तिचं नाव बहुतेक तबकड्यांवर नाही. नुकसानभरपाई आता कोणी देऊ शकत नाही. पण 1964 ते 1967 मधलं कुठलंही गाणं मूळ मोनोमध्ये लावलं तर ती तिथे आहे, मेरीच्या शेजारी, पूर्ण आवाजात हजर.

तो हवालदार कधीच निवृत्त होऊन गावी गेला. 1992 चा संच हातात आला तेव्हा त्याला पत्र लिहून कळवावंसं वाटलं होतं, की मागच्या दोघींची नावं मिळाली. पत्ता नव्हता माझ्याकडे. म्हणून तुम्हाला सांगितली.

जय हिंद. पुढच्या भागात भेटू.